टाळी कधी वाजवायची? सिम्फनीला जाण्याआधी थोडा इतिहास



गेल्या दोन व्याख्यानांनंतर आपलं ठरलं की नुसतं बोलणं पुरे झालं, आता सगळ्यांनी मिळून मुंबईला जाऊन सिम्फनी ऑर्केस्ट्राचा एक कार्यक्रम प्रत्यक्ष ऐकायचा. नावं नोंदवा असं आम्ही सांगितलं, तर नावांपेक्षा प्रश्नच जास्त आले. ते सगळे चाळले तेव्हा लक्षात आलं की मुळात प्रश्न चारच आहेत. तिकीट परवडेल का? कपडे काय घालायचे? टाळी कधी वाजवायची? आणि चौथा, जो पुष्कळांनी जरा संकोचानं विचारला: आपल्याला त्यातलं काही कळेल का?

हे प्रश्न किरकोळ वाटतात, पण तसे ते नाहीत. माणूस एखाद्या दारापर्यंत जातो आणि ‘हे आपलं नव्हे’ असं मनाशी म्हणून परत फिरतो, तेव्हा त्याला अडवणारी गोष्ट बहुतेक वेळा याच चार प्रश्नांपैकी एक असते. तत्त्वज्ञान शिकवता शिकवता आम्हाला एक सवय लागली. कुठलाही नियम ‘असंच असतं’ म्हणून समोर आला, की तो कधीपासून असा आहे हे विचारायचं. आज या चार प्रश्नांच्या बाबतीत तेच करू.

आधी शब्दाचा गोंधळ दूर करू. मराठीत ‘ऑर्केस्ट्रा’ म्हटलं की गणपतीच्या मांडवातला, हिंदी-मराठी चित्रपटगीतांचा कार्यक्रम डोळ्यांसमोर येतो. त्यात कमीपणा काहीच नाही. पण मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ आहे नाचण्याची जागा. रंगमंचासमोरची, जिथे कोरस उभा राहत असे ती. पुढे युरोपात त्या जागेत वादक बसू लागले आणि जागेचं नाव वादकांना चिकटलं. सिम्फनी ऑर्केस्ट्रा म्हणजे साधारण ऐंशी ते शंभर वादकांचा ताफा. पुढे व्हायोलिनच्या कुळातली तंतुवाद्यं, त्यांच्या मागे बासरी, ओबो, क्लॅरिनेट अशी लाकडी कुळातली सुषिर वाद्यं, त्यामागे पितळी वाद्यं आणि तालवाद्यं. ध्वनिवर्धक नसतो. ही एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता पहिला प्रश्न, तिकिटाचा.

पैसे देऊन कुणीही यावं आणि संगीत ऐकावं, ही कल्पनाच मुळी साडेतीनशे वर्षांची आहे. त्याआधी हे संगीत राजवाड्यात होतं किंवा चर्चमध्ये. १६७२ च्या अखेरीस लंडनमध्ये जॉन बॅनिस्टर नावाच्या व्हायोलिनवादकानं वर्तमानपत्रात जाहिरात दिली की आपल्या घरी रोज दुपारी चार वाजता संगीत होईल. हा गृहस्थ आधी राजाच्या पदरी होता. प्रवेशाचा दर होता एक शिलिंग, आणि त्या काळच्या नोंदीवरून दिसतं की श्रोते फर्माईशही करू शकत. १६७८ मध्ये त्याच शहरात टॉमस ब्रिटन या माणसानं आपल्या कोळशाच्या वखारीवरच्या माळ्यावर मैफली सुरू केल्या. दिवसभर पाठीवर कोळशाची पोती वाहून विकणारा हा माणूस. पण अरुंद जिना चढून सरदार-उमराव त्याच्याकडे येत. सार्वजनिक मैफलीचा आरंभ असा आहे: नोकरी गेलेला एक वादक आणि एक कोळसेवाला.

मग ही गोष्ट उच्चभ्रूंची कधी झाली? हळूहळू. १७४३ मध्ये लाइपझिग शहरातल्या सोळा व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून सोळा वादकांचा संच उभा केला. १७८१ मध्ये या मैफली कापड व्यापाऱ्यांच्या इमारतीतल्या नव्या सभागृहात गेल्या. कापड-भवन म्हणजे गेवांडहाउस. तेच नाव त्या ऑर्केस्ट्राला आजही आहे. राजानं नव्हे, तर नागरिकांनी चालवलेला ऑर्केस्ट्रा, हे फार मोठं पाऊल होतं. पण वर्गणीदार म्हटला की वर्गणी न देणारा बाहेर राहतो. एकोणिसाव्या शतकात शहरांतला व्यापारी आणि अधिकारी वर्ग जसा वर चढला, तशी मैफलीतली जागा ही प्रतिष्ठेची खूण झाली.

याला विरोधही त्याच शतकात झाला. १८९५ मध्ये लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये रॉबर्ट न्यूमन यानं हेन्री वुड या तरुण कंडक्टरला घेऊन ‘प्रॉम्स’ सुरू केले. समोरच्या खुर्च्या काढल्या, उभं राहून ऐकायचं, दर एक शिलिंग. खाणं-पिणं चालत होतं, धूम्रपानसुद्धा. न्यूमनचा हिशेब सरळ होता: आधी लोकांना आवडेल ते द्यायचं, मग पायरीपायरीनं अवघड रचनांकडे न्यायचं. १९४१ च्या बाँबहल्ल्यात तो हॉल नष्ट झाला, पण प्रॉम्स दुसऱ्या सभागृहात चालू राहिले आणि उभ्यानं ऐकायची स्वस्त तिकिटं आजही मिळतात. म्हणजे स्वस्त तिकिटाचा आग्रह हा या परंपरेच्या बाहेरचा नाही, तो तिच्याच पोटातला आहे. आपल्यासाठी याचा अर्थ इतकाच, की मागच्या आणि वरच्या रांगांतली कमी दराची जागा घ्यायला अजिबात संकोच करू नका. ध्वनिवर्धक नसल्यामुळे वरच्या जागी सगळ्या वाद्यांचा आवाज पुष्कळदा जास्त एकजीव होऊन पोचतो. अगदी पुढे बसलात तर जवळची व्हायोलिनं जास्त ऐकू येतील आणि मागचे वादक दिसणारही नाहीत.

दुसरा प्रश्न कपड्यांचा.

मंचावर वादक काळ्या कोटात दिसतात आणि आपल्याला वाटतं, हे लोक इतके नटूनथटून बसले आहेत, तर आपणही तसंच यायला हवं. पण हा पोशाख कुणाचा आहे? १७६१ मध्ये हायडन हा थोर रचनाकार हंगेरीच्या एस्टरहाझी घराण्याच्या चाकरीत लागला, तेव्हा त्याच्या करारात स्पष्ट लिहिलं होतं की त्यानं आणि त्याच्या वादकांनी गणवेश घालायचा, पांढरे मोजे, स्वच्छ सदरा, केसांना पावडर. घरच्या इतर चाकरांना असतो तसाच हा दंडक. पुढे धनी बदलला. राजाच्या जागी पैसे भरणारे शहरी लोक आले, आणि त्यांच्या संध्याकाळच्या पोशाखाची नक्कल वादकांच्या अंगावर आली. श्रोत्यांनी तो पोशाख केव्हाच सोडला, वादकांच्या अंगावर मात्र तो राहिला. कामाच्या गणवेशाला घाबरायचं कारण काय? स्वच्छ, नीटनेटके कपडे घाला. साडी, सलवार-कुडता, शर्ट-पँट, काहीही चालेल. फक्त एक शाल किंवा स्वेटर बरोबर असू द्या. वातानुकूलित सभागृहात दोन तास बसायचं आहे, आणि आपल्यातले बरेचजण आमच्याच वयाचे आहेत.

तिसरा प्रश्न टाळीचा. हा सगळ्यात अवघड, आणि खरं म्हणजे आजच्या व्याख्यानाचा गाभा.

सिम्फनीचे साधारण चार भाग असतात. त्यांना मूव्हमेंट म्हणतात. एक भाग संपतो, क्षणभर शांतता होते, वादक पान उलटतात. आपले हात आपोआप उठतात, आणि आजूबाजूचे लोक मान वळवून पाहतात. त्या एका नजरेनं किती माणसं कायमची परत गेली असतील!

आता १७७८ चं पॅरिस बघा. बावीस वर्षांच्या मोत्सार्टची नवी सिम्फनी होती. त्यानं वडिलांना लिहिलेल्या पत्रात काय आहे? पहिल्या भागाच्या मध्येच एक जागा अशी होती की ती लोकांना आवडणार हे त्याला माहीत होतं. झालंही तसंच, वादन चालू असतानाच टाळ्या पडल्या. म्हणून त्यानं ती जागा शेवटी पुन्हा आणली होती, आणि पुन्हा टाळ्या. खूश होऊन स्वारी आइस्क्रीम खायला गेली. त्याला राग आला नाही, कारण टाळी कुठे पडेल हे धरूनच त्यानं रचना केली होती. १८१३ च्या डिसेंबरात व्हिएन्नात बेटोव्हेनची सातवी सिम्फनी पहिल्यांदा वाजली, तेव्हा दुसरा भाग लोकांनी पुन्हा वाजवायला लावला. म्हणजे सरळ ‘वन्स मोअर’! आपल्याकडे १८८० मध्ये किर्लोस्करांनी संगीत ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणलं, आणि पुढची कित्येक दशकं संगीत नाटकाच्या प्रेक्षकांनी वन्स मोअर घेत घेत नाटकं पहाटेपर्यंत लांबवली. व्हिएन्नातला तो श्रोता आपल्या किर्लोस्कर मंडळींच्या थिएटरात सहज रमला असता.

त्याच बेटोव्हेनचा २२ डिसेंबर १८०८ चा कार्यक्रम तर ऐकण्यासारखा आहे. संध्याकाळी साडेसहा ते साडेदहा, चार तास. कडाक्याची थंडी. पाचवी सिम्फनी, सहावी सिम्फनी, पियानो आणि ऑर्केस्ट्राची चौथी रचना, धार्मिक गायनाचे भाग, आणि शेवटी पियानो, ऑर्केस्ट्रा आणि समूहगान यांची फँटसी. सराव अपुरा पडला. शेवटची रचना मध्येच विस्कटली, तेव्हा बेटोव्हेननं थांबवून पुन्हा सुरुवात केली. आज आपण ज्यांना अभिजात म्हणतो त्या कृती अशा गारठलेल्या, कंटाळलेल्या, चुळबुळणाऱ्या श्रोत्यांसमोर जन्मल्या.

मग शांतता आली कुठून? दोन वाटांनी आली, आणि त्या दोन्ही वेगळ्या ओळखणं महत्त्वाचं आहे.

पहिली वाट विचाराची. १८१० मध्ये होफमन या लेखकानं लाइपझिगच्या संगीतपत्रिकेत पाचव्या सिम्फनीवर मोठा लेख लिहिला. चार भाग म्हणजे चार सुटे तुकडे नाहीत, एकाच बीजातून वाढलेलं एक झाड आहे, अशी त्याची दृष्टी. हे एकदा पटलं की मध्ये टाळी वाजवणं म्हणजे वाक्य पुरं व्हायच्या आत बोलणाऱ्याला तोडणं. रचनाकारांनाही ते जाणवू लागलं. मेंडेलसोननं १८४२ च्या आपल्या स्कॉटिश सिम्फनीत भागांमध्ये नेहमीचे लांब विराम न घेण्याची सूचनाच लिहून ठेवली. १८५४ मध्ये हान्सलिक या समीक्षकानं मांडलं की संगीताचं सौंदर्य त्याच्या स्वरांच्या आकारात आहे, ऐकणाऱ्याच्या उमाळ्यात नाही. आकार दिसायला हवा तर लक्ष हवं, आणि लक्षाला शांतता हवी.

यात आमच्या विषयातले थोर पुरुष कांटही येतात. १७९० च्या आपल्या ग्रंथात त्यांनी संगीताबद्दल तक्रार केली आहे की या कलेला सभ्यपणा कमी. अत्तर लावलेला रुमाल खिशातून काढावा आणि शेजाऱ्यांना इच्छा असो नसो वास घ्यावा लागावा, तसं. डोळा फिरवता येतो, कान फिरवता येत नाही. शेजारच्या भजनांनी कांट खरोखरच त्रासले होते. लाउडस्पीकरच्या देशात राहणाऱ्या आपल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. पण हाच युक्तिवाद उलटा करून पाहा. मंचावर एकट्या बासरीचा अगदी बारीक स्वर लागला आहे, ध्वनिवर्धक नाही, आणि आपला मोबाइल वाजतो. आता अत्तराचा रुमाल आपल्या हातात आहे.

दुसरी वाट प्रतिष्ठेची. शांत बसता येणं ही हळूहळू ‘आपल्यातला’ माणूस ओळखायची खूण झाली. १८७६ मध्ये वाग्नरनं बायरॉइटला आपलं नाट्यगृह उघडलं, तिथे प्रयोगाच्या वेळी प्रेक्षागार अंधारं केलं. त्याआधी दिवे चालू असत आणि लोक एकमेकांना बघायलाच येत. अंधारात समोरच बघावं लागतं. हे ऐकण्यासाठी उत्तमच झालं. पण त्याच सुमारास न बोलता पाळायचे नियम वाढत गेले, आणि ज्याला ते लहानपणापासून घरात मिळाले नाहीत तो उघडा पडू लागला. दोन भागांमध्ये टाळी वाजवायची नाही हा नियम सर्वत्र पक्का व्हायला तर विसावं शतक उजाडलं.

म्हणून आमचं म्हणणं असं. वादन चालू असतानाची शांतता ही ऐकण्याची गरज आहे, ती मनापासून पाळू. पण दोन भागांमध्ये कुणाची चुकून टाळी पडली म्हणून मान वळवून बघणं, यानं ऐकण्याला काहीच मदत होत नाही. ते फक्त कुंपण आहे. पहिलं ठेवू, दुसरं सोडू.

यावर कुणी म्हणेल, मग मोत्सार्टच्या काळासारखी मध्येच दाद का देऊ नये? आपल्या मैफलीत नाही का देत? हा आक्षेप चांगला आहे. पण आपली दाद कधी येते? गायक आवर्तन भरून अचूक समेवर येतो तेव्हा. समेची वाट गायक आणि श्रोता दोघं मिळून बघत असतात. शिवाय गायक ती दाद घेऊन पुढची जागा बदलू शकतो, कारण तो तिथल्या तिथे गाणं घडवत असतो. नव्वद वादकांसमोर लिहिलेली पानं असतात, त्यांना थांबता येत नाही. आपण ‘क्या बात है’ म्हणालो तर ते उत्तर देऊ शकत नाहीत, फक्त पुढचे चार स्वर बुडतात. दोन्ही रीती शहाण्याच आहेत. संगीत घडवण्याची पद्धत वेगळी, म्हणून दाद देण्याची वेळ वेगळी.

व्यवहाराचा नियम सोपा आहे. कंडक्टरचे हात पूर्ण खाली येऊन तो आपल्याकडे वळला, की टाळी. घाई करायची नाही. चायकोव्हस्कीच्या सहाव्या सिम्फनीचा तिसरा भाग इतक्या जोषात संपतो की जाणकारसुद्धा फसतात आणि टाळ्या वाजतात. त्यानंतरचा शेवटचा भाग मात्र विझत विझत जातो. १८९३ मध्ये तिच्या पहिल्या प्रयोगानंतर नऊ दिवसांनी रचनाकार वारला. अशा शेवटानंतर चार क्षण काहीच न करणं हीच दाद.

आता चौथा प्रश्न. आपल्याला कळेल का?

याचं उत्तर असं, की आपण हे संगीत आधीच ऐकलेलं आहे. आकाशवाणीची सकाळची ती धून आठवा. ती वॉल्टर काउफमन यांची रचना मानली जाते. नाझींच्या काळात युरोप सोडून १९३४ मध्ये मुंबईला आलेले हे ज्यू संगीतकार. १९६१ च्या ‘छाया’ चित्रपटात तलत महमूद आणि लता मंगेशकर यांचं एक द्वंद्वगीत आहे. सलील चौधरींनी त्याची चाल मोत्सार्टच्या चाळिसाव्या सिम्फनीच्या आरंभावरून घेतली आहे. ते गाणं आपल्यातल्या निम्म्या लोकांना पाठ असेल.

आणि मुंबईत हे वाजवत कोण होतं? १९३५ मध्ये मेहली मेहता यांनी बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. पुढच्याच वर्षी त्यांच्या घरी झुबिन जन्मले. पारशी, युरोपीय आणि मोठ्या संख्येनं गोव्याचे वादक मुंबईत हे संगीत वाजवत होते. गोव्यात पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांमधून मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवलं जाई. तिथून मुंबईला आलेली ही माणसं गोऱ्या साहेबांच्या क्लबांत वाजवत. त्यांतल्या कित्येक क्लबांत वादक म्हणून प्रवेश होता, सभासद म्हणून नव्हता. दार कुणासाठी आणि कसं उघडतं, हा प्रश्न युरोपापुरता नाही, तो आपल्या मुंबईचाही आहे. पुढे हेच लोक चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात आले, आणि आपल्या लाडक्या गाण्यांमागचे वाद्यमेळ त्यांच्या हातून उभे राहिले. त्यांतले अँथनी गोन्साल्विस हे माजोर्ड्याचे. १९५८ मध्ये त्यांनी स्वतःचा ऑर्केस्ट्रा जमवून, हिंदुस्थानी राग आणि सिम्फनीचा वाद्यमेळ एकत्र आणणाऱ्या आपल्या रचना मुंबईत सादर केल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. त्या प्रयत्नाला पुढे पाठबळ मिळालं नाही. आज बहुतेकांना त्यांचं नाव ‘अमर अकबर अँथनी’मधल्या गाण्यामुळे माहीत आहे, आणि ती त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी दिलेली गुरुदक्षिणा आहे हे फार थोड्यांना.

२००६ मध्ये मुंबईत एनसीपीएनं सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाची स्थापना केली. २०१५ मध्ये याच ऑर्केस्ट्राबरोबर झाकीर हुसेन यांनी तबला आणि ऑर्केस्ट्रासाठीची आपली ‘पेशकार’ ही रचना प्रथम सादर केली. नरिमन पॉइंटच्या टोकाला जमशेद भाभा नाट्यगृह आहे, १,१०९ खुर्च्यांचं. आपल्याला जायचं आहे ते तिथे.

तेव्हा तयारी अशी करू. कार्यक्रमात कुठल्या रचना आहेत ते आधी बघायचं. बहुधा सुरुवातीला एक छोटी रचना, मग एका मुख्य वादकासह कॉन्चेर्टो, मध्यंतर, आणि नंतर सिम्फनी, असा क्रम असतो. त्यातली सिम्फनी आधी घरी दोनदा ऐका. पहिल्यांदा कामं करता करता, दुसऱ्यांदा नुसतं बसून. एखादी चाल ओळखीची झाली की पुरे. सभागृहात ती पुन्हा वेगळ्या वाद्यात, वेगळ्या रंगात भेटेल, आणि ती ओळख पटणं म्हणजेच ‘कळणं’. लंडनमध्ये जॉन एला हे गृहस्थ १८४५ पासून आपल्या मैफलींच्या श्रोत्यांना रचनांची टिपणं आधी देत असत, त्यामागे हाच विचार होता. आपणही एक पानाचं मराठी टिपण तयार करून सर्वांना पाठवू.

अर्धा तास आधी पोचायचं, कारण वादन सुरू झालं की उशिरा येणाऱ्यांना मध्येच सोडत नाहीत. खोकल्याची गोळी आधीच सोलून हातात ठेवायची. तिचा कागदही फार वाजतो. सुरुवातीला ओबोवादक एक स्वर धरेल आणि सगळे त्याला आपापली वाद्यं मिळवून घेतील. तानपुरा लावताना आपण जसे सावरून बसतो, तसे तेव्हा बसा. आणि आपल्यातल्या कुणी मध्ये टाळी वाजवलीच, तर शेजारच्यानं समोर बघत राहायचं.

नावं शुक्रवारपर्यंत द्या. जिना चढायचा त्रास असेल तर तेही सांगा, म्हणजे जागा तशा बघता येतील. ज्यांना तिकिटाची अडचण आहे त्यांनी आम्हाला एकट्यात सांगावं, मार्ग काढू. पैशामुळे कुणी मागे राहिलं, तर आज दिलेल्या या व्याख्यानाला काही अर्थ उरणार नाही.